पाणी बघायला येताय ना?

जूनचा दुसरा आठवडा उलटला, की आमच्या घरचा फोन खणखणायला लागतो. वर्षभर ज्यांना आमची आठवण होत नाही, अशी मंडळीसुद्धा अगदी जिव्हाळ्यानं चौकशी करतात. 'काय गं, लागला का पाऊस तुमच्याकडे? धबधबे सुरू झाले का?' ठाण्याची मैत्रीण, डोंबिवलीचे चुलतसासरे, ऐरोलीच्या वन्सं... सगळ्यांना एकाच वेळी कर्जत आठवतं. मग एखाद्या रविवारी सकाळी साताच्या आत पंधरा माणसं दारात! चहा-पोहे होतात, दुपारचं डब्यात बांधून दिलं जातं आणि संध्याकाळी ही मंडळी परत येतात ती चिखलानं माखलेली, कुडकुडणारी आणि भलतीच खुशीत. त्यांचे ओले कपडे वाळत घालायला माझ्या घरात दोऱ्या पुरत नाहीत, पण ते असो.

तक्रार नाही करत मी. पाहुण्यांनी यावं असाच आमचा मुलूख आहे. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके म्हणजे सह्याद्रीच्या पायाशी ठेवलेली परातच म्हणा ना. माथेरानवर, राजमाचीवर, लोणावळ्याच्या माथ्यावर जेवढं कोसळतं, त्यातलं कितीतरी आमच्या पदरात येतं. उल्हास नदी राजमाचीच्या दरीतून उतरते, कोंढाण्याच्या लेण्यांच्या खालून कर्जतला येते आणि नेरळ, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. खालापुरातून पाताळगंगा वाहते. भिवपुरी रोड स्टेशनला उतरलं की आषाणेचा धबधबा, पळसदरीला तलाव, जामरुंगकडे सोलनपाड्याचं धरण, माथेरानच्या पायथ्याशी पाली-भूतिवली, खोपोलीला झेनिथचा धबधबा. त्याच खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेलं महादेवाचं देऊळ आणि तळं आहे, तिथं मात्र धबधब्याची गर्दी फारशी फिरकत नाही. आणि या सगळ्यांत मोठं म्हणजे चौकजवळचं मोरबे धरण. नजर पोचेल तिथवर पाणी.

गंमत पुढेच आहे. चौदा वर्षं मी बचत गटांचं काम करते. एकदा मासिक बैठकीत हप्ते जमा करून झाल्यावर मी सहज विचारलं, 'मोरबेचं धरण कोणी कोणी पाहिलंय?' बावीस बायका होत्या. हात वर आले तीन! त्यातली एक लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीतून जाताना 'लांबून चमकलं तेवढं' पाहिलेली, दुसरीचा नवरा तिकडे गवंडीकाम करायचा म्हणून त्याचा डबा घेऊन गेलेली आणि तिसरीच्या माहेरची शेतीच त्या पाण्याखाली गेलेली. सहलीला म्हणून, पाणी बघायला म्हणून गेलेली एकही नाही. मुंबईची बाई दोन तास लोकलमध्ये उभी राहून आमचं पाणी बघायला येते आणि आमची बाई हंडा भरून झाला की पाण्याकडे पाठ फिरवते. मी विचारलं, 'का गं जात नाही?' तर एक वहिनी म्हणाल्या, 'ताई, पानी काय बघायचं? पानी आनायचं असतं.'

आता यावर काय बोलणार!

तरी मी पिच्छा सोडला नाही. फेब्रुवारीतला एक मंगळवार ठरवला. मंगळवार अशासाठी, की शनिवार-रविवारी फार्महाऊसच्या कामाला जाणाऱ्या बायकांना सुट्टी मिळत नाही. आणि फेब्रुवारी अशासाठी, की आमच्याकडचं पाणी बघण्याचा खरा हंगाम तोच. हे मी मुद्दाम सांगते, कारण शहरातल्या लोकांना पाणी म्हणजे पावसाळाच वाटतो. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, डोंगर ढगात असतात आणि वाटा गाड्यांनी तुंबलेल्या असतात. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी निळं, हवा कोरडी, आणि बसायला कोरडी जमीन मिळते. बायकांना ओलं होण्याची, कपडे बदलण्याची चिंता नाही.

एक टेम्पो ठरवला, डबे घेतले आणि निघालो. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. ते पिण्याचं पाणी आहे. आम्ही अलीकडच्या एका टेपाडावर सतरंजी अंथरली. समोर पाणी, त्यापलीकडे इर्शाळगडाचा सुळका, त्यातलं ते नेढं, आणि मागे माथेरानचा लांबलचक डोंगर. सगळ्या जणी पाच मिनिटं गप्प होत्या. आमच्या गटाच्या बायका पाच मिनिटं गप्प राहिलेल्या मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिल्या.

मोरबे हे धावरी नदीवरचं मातीचं धरण. नवी मुंबई महापालिकेनं ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण असणाऱ्या महापालिका आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पाण्याची पातळी 88 मीटरला पोचली की धरण भरलं म्हणायचं, मग महापौर वगैरे येऊन जलपूजन होतं, ओटी भरली जाते. दिवसाला 450 दशलक्ष लिटर पाणी देण्याची ही योजना, भोकरपाड्याला ते शुद्ध होतं आणि पुढे नवी मुंबईच्या नळांना जातं. हे सगळं मी वाचून गेले होते आणि बायकांना समजावून सांगत होते. तेवढ्यात माहेरची शेती गेलेली ती बोट दाखवून म्हणाली, 'ती टेकडी दिसतीय ना, तिच्या अल्याड आमची भातखाचरं व्हती. माझी नणंद ऐरोलीला ऱ्हाते. तिच्या बेसिनला आमच्या शेतावरचं पानी येतं.' तिच्या बोलण्यात राग नव्हता. आपल्या एखाद्या लांबच्या नातलगाची खुशाली सांगावी तसं सांगितलं तिनं. मला मात्र ऐरोलीच्या वन्सं आठवल्या. त्यांच्याकडे नळ सोडून दात घासतात... जाऊ दे! आमच्या कितीतरी वाड्यांत एप्रिल-मेमध्ये बायका हंड्यामागे हंडा लावून बसतात, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवं.

इर्शाळगडाकडे बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं तरच नवल. 19 जुलै 2023 ची रात्र. त्या डोंगराच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले आणि 57 माणसं सापडलीच नाहीत, शोध थांबवून त्यांना बेपत्ता म्हणून जाहीर केलं गेलं. ठाकर समाजाची वाडी होती ती. गडावर जाणारी पोरंपोरी याच वाडीत थांबायची, चुलीवरची भाकरी खायची, वाटाड्या घेऊन वर जायची. मोरब्याचं पाणी वरून कसं दिसतं याचे जे फोटो आपण बघतो, ते काढणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी त्या वाडीतल्या एखाद्या मावशीच्या हातचं जेवलेलं असणार. आमच्या गटातल्या दोघींचे नातलग त्या वाडीत होते. त्या दोघी पाण्याकडे पाठ करून बसल्या. मी त्यांना काही म्हटलं नाही.

परतीच्या वाटेवर चर्चा निघाली ती पेज नदीची. आमच्या पूर्वेकडच्या गावांना पेज म्हणजे आईसारखी. इतर ओढे मार्चमध्ये आटतात, पेज मात्र मेमध्येही वाहते. 'देवाची करणी,' असं म्हाताऱ्या बायका म्हणतात. करणी खरी, पण ती टाटांच्या वीजघराची! वर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे, त्याचं पाणी डोंगरातून पाचशे मीटरहून अधिक खाली भिवपुरीच्या वीजघरात आणतात. 1922 पासून हे चाललंय. चाकं फिरवून झाली की ते पाणी पेजेत सोडतात. खोपोलीचं वीजघर त्याहून जुनं, 1915 चं. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथल्या तलावांचं पाणी तिथं उतरतं आणि पाताळगंगेला मिळतं. खरं तर हे सगळं पाणी भीमेकडे आणि तिथून पार बंगालच्या उपसागराकडे जायचं. शंभर वर्षांपूर्वी त्याची वाट वळवली आणि ते आमच्या अंगणातून अरबी समुद्राला चाललंय. एवढं सांगितल्यावर टेम्पोतली एक काकू म्हणाली, 'म्हंजे सून म्हणा की. जायची एकीकडं, दिली दुसरीकडं.'

पण या पाण्याचा एक गुण पाहुण्यांना ठाऊक नसतो. वीज किती हवी त्याप्रमाणे हे पाणी कमीजास्त सुटतं. आकाशात ढग नसताना, भर उन्हात पात्र वाढू शकतं. मघाशी ज्या खडकावर चप्पल काढून ठेवली तो खडकच दिसेनासा होतो. कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या अशाच पाण्यावर. तिथं वेळ पाळतात, अंगात जॅकेट असतं, डोक्यावर हेल्मेट असतं. आमच्याकडे मात्र येणारा माणूस हाफ पँट आणि उत्साह एवढ्यावर पात्रात उतरतो.

धबधब्यांचं आणखी वेगळं. आमच्या शेजारच्या ठाकरवाडीत एक आजी आहेत, त्यांना मी एकदा विचारलं होतं, 'आजी, पाणी येणार हे तुम्हाला कळतं कसं?' आजी म्हणाल्या, 'पान्याचा रंग बघावा. तांबडं झालं की उठावं. पानी पाचोळा, काटक्या घेऊन यायला लागलं की पोराला काखेत घ्यावं नि उठावं. आन आवाज बदलला की मागं बघू नये.' खाली ऊन असतं हो, पण वर माथेरानच्या पठारावर किंवा घाटमाथ्यावर तास-अर्धा तास झोडपलेलं असतं आणि ते सगळं एका चिंचोळ्या नळीतून खाली यायचं असतं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आपल्यापैकी अनेकींनी तो व्हिडिओ मोबाईलवर पाहिला असेल. एकमेकांना धरून उभी होती ती, मध्ये मुलं. मला ते दृश्य आजही बघवत नाही.

आणि उल्हास! एरवी कमरेएवढी वाटणारी ही नदी. 27 जुलै 2019 ला तिनं बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घातला होता. हजारावर प्रवासी होते गाडीत. बोटी आणून त्यांना बाहेर काढावं लागलं.

आता बंदीचं सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे धबधबे आणि धरणांवर जायला मनाईचे आदेश निघतात. पूर्वी 144 कलम म्हणायचे, जुलै 2024 पासून नवा कायदा आला, त्यात ते 163 झालं. कलम बदललं, दृश्य तेच. रस्त्यावर पोलिसांचा अडथळा, परत फिरणाऱ्या गाड्या आणि आडवाटेनं घुसणारी मोटारसायकलवाली पोरं. माणसं मरतायत म्हटल्यावर प्रशासनानं काही तरी करायलाच हवं, हे मला कळतं. पण या बंदीची किंमत कोण मोजतं, ते मी दर पावसाळ्यात बघते.

धबधब्याच्या वाटेवर प्लास्टिकचा कागद बांधून बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. भाजलेली कणसं, उकडलेल्या शेंगा, काकडी, कांदाभजी. या बहुतेक ठाकर आणि कातकरी बायका. पावसाच्या सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे कंटोळी, असं रानातलं खुडून आणून त्या नेरळ-कर्जतच्या स्टेशनबाहेर विकतात आणि रविवारी धबधब्यावर बसतात. दिवाळी झाली की त्यातल्या कितीतरी जणी कुटुंबासकट वीटभट्टीवर जाणार, तिथं आधीच उचल घेतलेली असते. ती उचल जितकी कमी घ्यावी लागेल तितकं बरं, आणि ती कमी होते पावसाळ्यातल्या या आठ-दहा रविवारांमुळे. आदेश निघाला की हे रविवार जातात. आमच्या गटातल्या एकीनं एका वर्षी तेल, बेसन, मक्याची पोती असं सगळं उधारीवर भरलं आणि दुसऱ्या दिवशी बंदी लागली. कणसं वाटून टाकली, बेसनाला जाळी धरली, तेलाचे पैसे मात्र फेडावे लागले.

माझं म्हणणं असं, की त्याच वाडीतल्या पोरांना दोर, जॅकेट आणि शिट्टी देऊन पाण्यावर उभं का करू नये? पाणी कुठं खोल, कुठं भोवरा, कुठल्या खडकाखाली रांजणखळगा आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? वलगणीचे मासे पकडायला रात्री कंदील-बॅटरी घेऊन ओढ्यात उतरणारी माणसं ही! येणाऱ्या गाडीमागे थोडे पैसे ग्रामपंचायतीनं घ्यावेत आणि त्यातून या पोरांना रोज द्यावा. दारूच्या बाटल्या वाटेवरच काढून घ्याव्यात. त्या फुटलेल्या काचा पुढचे आठ महिने आमच्या बायकांच्या आणि गुरांच्या पायात घुसतात, हे कुठल्याच बातमीत येत नाही.

आणि हो, बायकांसाठी एक आडोसा हवा! हजारो माणसं येतात तिथं एक धड स्वच्छतागृह नसावं? माझी ठाण्याची मैत्रीण सकाळी सहाला निघते आणि संध्याकाळी माझ्याकडे येईपर्यंत पाणी पीत नाही. पाण्याच्या गावी येऊन तहानलेली! ओले कपडे बदलायला मैत्रिणींनी ओढण्या धरून उभं राहायचं, आणि चार टवाळ पोरं तिकडेच बघत बसलेली. पत्र्याची का होईना, दोन खोल्यांची सोय केली आणि ती चालवायला एखाद्या बचत गटाला दिली, तर आमच्या बायका ती लख्ख ठेवतील. शब्द देते मी.

माझी भाची नेदरलँड्सला असते. उत्तरेकडच्या फ्रीसलँड प्रांतात ती सुट्टीला गेली होती. तिथं तलावच तलाव. स्नेक नावाच्या गावाजवळ स्नेकरमेर म्हणून मोठा तलाव आहे, ऑगस्टमध्ये तिथं शिडाच्या बोटींच्या शर्यतींचा आठवडा भरतो, घरंच्या घरं बोटीवर मुक्कामाला. फोटो बघून मी म्हटलं, 'भीती नाही वाटत यांना, एवढीएवढी मुलं घेऊन?' तर ती म्हणाली, 'मावशी, इथं मुलं पोहण्याची परीक्षा देतात. प्रमाणपत्र मिळतं, अ, ब, क असं. आणि परीक्षेत अंगावरचे कपडे आणि बूट घालून पाण्यात पडायला लावतात. कारण माणूस बुडतो तेव्हा पोहायचा पोशाख घालून थोडाच बुडतो!'

हे ऐकलं आणि मला आमच्या बायका आठवल्या. सहावारी साडी ओली झाली की पायांना गुंडाळते, पाऊल उचलता येत नाही. पंजाबी ड्रेसचं काही वेगळं नाही, ओढणी गळ्याला. आणि बुडणाऱ्याला वाचवायला आई नेसत्या लुगड्यानिशी उडी घेते, म्हणून एकाच्या जागी दोन जातात. आता आम्ही गटात सांगतो, उडी मारायची नाही. साडी सोडून फेका, ओढणीला ओढणी बांधून फेका, रिकामा पाण्याचा कॅन घट्ट झाकण लावून फेका, फांदी पुढे करा, पण काठ सोडू नका.

एवढ्यावर थांबलो असतो, पण भाचीचं ते बूट घालून पोहणं माझ्या डोक्यातून जाईना. गेल्या एप्रिलमध्ये एका शेतकऱ्यानं पायऱ्यांची विहीर वापरायला दिली. शिकवायला आमच्याच गटातली एक कातकरी ताई. तिला पोहायला कोणी शिकवलं हे तिलाही आठवत नाही. टायरच्या ट्यूब आणाव्यात असा माझा विचार होता, पण तिनं वाळके भोपळे आणले, दोन-दोन भोपळे दोरीनं बांधून मुलींच्या पाठीला सांगड लावली आणि एकेकीला पायरीवरून आत सोडली. अंगात पंजाबी ड्रेस, तोही पूर्ण बाह्यांचा. 'ज्या कपड्यात पडायचं त्याच कपड्यात शिकायचं,' हे तिचं म्हणणं. भाचीची गोष्ट मी तिला सांगितलेलीसुद्धा नव्हती.

पहिल्या दिवशी सात मुली आल्या. दोन आयांनी घरून निरोप पाठवला, 'पोरगी मोठी झाली, आता कसली विहिरीत उतरतीय?' त्यांच्या घरी मी आणि ती ताई दोघी गेलो, चहा प्यायलो, अर्धा-पाऊण तास बसलो. एक तयार झाली, दुसरी नाही झाली. आठवड्यानं मुली तेवीस झाल्या. पंधराव्या दिवशी त्यातल्या अकरा जणी भोपळ्याशिवाय विहिरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेल्या. काठावर त्यांच्या आया पदर खोचून उभ्या होत्या, त्यात मोरब्याला पाण्याकडे पाठ करून बसलेल्यांपैकी एक होती. तिनं त्या ताईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, 'माझ्या वजनाला किती भोपळं लागतील?'

ताईनं तिला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं आणि म्हणाली, 'चार आन उद्या.'